वेबसाइटवरील छायाचित्राबद्दल आलेली कॉपीराइटची नोटीस, आणि व्यवसायाने तपासायच्या इतर जागा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कंपनीच्या वेबसाइटवर तीन वर्षांपूर्वी टाकलेल्या एका छायाचित्राबद्दल छायाचित्रकाराच्या वतीने नोटीस आली आहे. ते छायाचित्र बाहेरच्या डिझायनरने इंटरनेटवरून घेतले होते, कंपनीत कोणालाही त्याची कल्पना नव्हती आणि नोटीस मिळताच ते काढून टाकण्यात आले. आता पैसे देणे लागते का, आणि असे आणखी काय आपल्याकडे दडलेले असू शकते, हे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. बहुतेक देशांच्या कायद्यात दिवाणी जबाबदारीसाठी हेतू लागत नाही. कृती (म्हणजे छायाचित्र, लेख, गाणे असे निर्माण केलेले काम) दुसऱ्याची होती, परवानगी नव्हती आणि आपण ती लोकांसमोर ठेवली, एवढे सिद्ध झाले की उल्लंघन ठरते. ‘आम्हाला माहीत नव्हते’ या म्हणण्याचा उपयोग फार तर रक्कम कमी करून घेण्यापुरता होतो. अमेरिकेत न्यायालय प्रत्येक कृतीमागे 750 ते 30,000 डॉलर इतकी वैधानिक भरपाई, म्हणजे कायद्यातच मर्यादा ठरवून दिलेली भरपाई, देऊ शकते. उल्लंघन जाणूनबुजून केल्याचे ठरल्यास ही मर्यादा 1,50,000 डॉलरपर्यंत जाते, आणि ते खरोखर अजाणता घडल्याचे पटल्यास 200 डॉलरपर्यंत खाली येऊ शकते. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील कलम 55 अजाणता उल्लंघन करणाऱ्याला सवलत देते, पण ती सवलत मिळवण्यासाठी ‘या कृतीवर कॉपीराइट आहे हेच ठाऊक नव्हते आणि तसे वाटण्याला वाजवी कारणही नव्हते’ हे आपल्याला सिद्ध करावे लागते. एका व्यावसायिक छायाचित्राबद्दल कंपनीने आज असे म्हणणे टिकणे अवघड आहे. फौजदारी बाजू वेगळी आहे: त्याच कायद्याच्या कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे, मात्र तेथे उल्लंघन जाणीवपूर्वक केलेले असावे लागते. म्हणूनच नोटीस हातात पडल्यानंतर छायाचित्र तसेच ठेवलेला प्रत्येक दिवस आधीच्या तीन वर्षांपेक्षा अधिक जोखमीचा असतो. आपण ते लगेच काढले हे योग्य केले. त्यामुळे पुढचे उल्लंघन थांबले. मागच्या तीन वर्षांचा हिशेब त्याने मिटत नाही.

छायाचित्र काढले असले तरी सर्व्हरवरची मूळ फाइल, ती चढवल्याची तारीख, त्या पानाला किती जणांनी भेट दिली याच्या नोंदी आणि डिझायनरशी झालेला ईमेलचा व्यवहार जपून ठेवा. घाबरून सगळे पुसून टाकणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. वापर लहान होता हे दाखवण्याचा त्यांचा स्वतःचाच पुरावा त्यामुळे नाहीसा झाला. त्यानंतर नोटीस पाठवणाऱ्याला चार गोष्टी लेखी विचारा: हक्क आपल्याकडे आहेत याचा पुरावा काय, हक्कधारकाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणी दिला, छायाचित्र प्रथम कधी प्रसिद्ध झाले, आणि मागितलेली रक्कम कोणत्या परवाना शुल्कावर बेतली आहे. अमेरिकी दाव्यांत नोंदणीची तारीखही महत्त्वाची असते, कारण वर सांगितलेली वैधानिक भरपाई मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे उल्लंघन सुरू होण्यापूर्वी कृतीची नोंदणी झालेली असावी लागते. पहिल्या नोटिशीतला आकडा हा बहुतेक वेळा बोलणीच्या सुरुवातीचा आकडा असतो आणि तशाच वापरासाठी बाजारात जे शुल्क पडले असते त्याच्या आसपास तडजोड होऊ शकते. नोटीस दुर्लक्षित करू नका, आणि वकिलाने पाहण्यापूर्वी ‘आमची चूक झाली, कितीही द्यायला तयार आहोत’ असे भावनेच्या भरात लिहूनही पाठवू नका. कॉपीराइटच्या नावाने बनावट नोटिसाही फिरतात; त्यातली जोडलेली फाइल किंवा दुवा उघडण्यापूर्वी पाठवणारा खरा आहे का हे स्वतंत्रपणे पडताळा.

डिझायनरच्या बाबतीत स्पष्ट बोलतो. प्रकाशित आपण केले, म्हणून हक्कधारकापुढे उत्तरदायी आपण आहात. डिझायनरकडून पैसे वसूल करण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही, हे त्याच्याशी केलेल्या करारावर अवलंबून आहे. अशा प्रकरणांत माझ्यासमोर बहुधा एकच कागद येतो: एक बिल, त्यावर ‘वेबसाइट डिझाइन’ एवढी एकच ओळ आणि खाली एकूण रक्कम. कोणती छायाचित्रे, कोणते फॉन्ट, कोणाचा कोड, कशाचा परवाना, कोणाच्या नावावर, यातले काहीही त्या कागदावर नसते. या एका ओळीच्या बिलात बहुतेक व्यवसायांची कॉपीराइटची जोखीम साठलेली असते, असे माझे इतक्या वर्षांनंतरचे मत आहे. डिजिटल काळात चोरी करायची म्हणून चोरी करणाऱ्या कंपन्या कमी आहेत. आपल्याकडे असलेली वस्तू कुठून आली हे सांगता न येणाऱ्या कंपन्या मात्र असंख्य आहेत.

‘इंटरनेटवर उघडपणे उपलब्ध होते’ आणि ‘आम्ही श्रेय दिले होते’ या दोन समजुतींना मी थोडा अधिक वेळ देतो, कारण नोटिशीच्या उत्तरात लोक हेच दोन मुद्दे सर्वांत आधी लिहितात. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2018 मध्ये रेन्कहॉफ प्रकरणात दिलेला निकाल या ठिकाणी उपयोगी पडतो. स्पेनमधल्या कोर्दोबा शहराचे एक छायाचित्र, छायाचित्रकाराच्या परवानगीने, एका प्रवासविषयक वेबसाइटवर होते. ते उतरवून घेण्यावर तेथे कोणतेही बंधन नव्हते. जर्मनीतल्या एका शाळेतील विद्यार्थिनीने ते आपल्या प्रकल्पात वापरले, खाली त्या वेबसाइटचे नावही लिहिले, आणि शाळेने तो प्रकल्प स्वतःच्या वेबसाइटवर ठेवला. न्यायालयाने सांगितले की, छायाचित्र एका ठिकाणी सर्वांना पाहता येत होते म्हणून ते दुसऱ्या ठिकाणी नव्याने चढवण्याची मुभा मिळत नाही. प्रत करून पुन्हा प्रसिद्ध करणे हे लोकांपर्यंत पोहोचवण्याचे स्वतंत्र कृत्य आहे आणि त्याला स्वतंत्र परवानगी लागते. एका शाळेला, अभ्यासाच्या कामासाठी, हे लागू झाले. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला त्यापेक्षा अधिक सवलत मिळेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. त्याच न्यायालयाने 2014 मध्ये मात्र, हक्कधारकाच्या संमतीने सर्वांसाठी खुल्या असलेल्या मजकुराकडे केवळ दुवा देणे हे उल्लंघन नाही असे म्हटले होते. प्रत करणे आणि वाट दाखवणे यांतला हा फरक आपल्या समाजमाध्यम सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांना समजावून सांगण्यासारखा आहे.

समाजमाध्यमावरून उचललेल्या छायाचित्रांबद्दल हैतीमधील छायाचित्रकार डॅनियल मोरेल यांचे प्रकरण माहीत असावे. जानेवारी 2010 च्या भूकंपानंतर त्यांनी काढलेली छायाचित्रे ट्विटरवर टाकली. ती एका दुसऱ्याच व्यक्तीच्या खात्यावरून मोठ्या वृत्तसंस्थेकडे गेली आणि तेथून जगभर विकली गेली. ट्विटरच्या अटींमुळे आपल्याला वापराचा हक्क मिळतो, असा बचाव घेण्यात आला, आणि तो न्यायालयाने मान्य केला नाही. 2013 मध्ये न्यूयॉर्कमधील ज्यूरीने एजन्स फ्रान्स-प्रेस ही वृत्तसंस्था आणि छायाचित्रे विकणारी गेटी इमेजेस यांनी मिळून सुमारे 12 लाख डॉलर द्यावेत असा निर्णय दिला. मंचाच्या अटींवरून वापरकर्ता मंचाला परवाना देतो. तो परवाना रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला मिळत नाही.

संगीताच्या बाबतीत ही गल्लत आणखी वाढते, कारण मंच स्वतःच गाणी समोर मांडून ठेवतो आणि ती निवडायला एक बोट पुरते. ही गाणी सहसा वैयक्तिक वापरासाठी परवाना घेऊन ठेवलेली असतात. व्यावसायिक खात्यांसाठी अनेक मंचांनी वेगळा, मर्यादित संग्रह ठेवला आहे. 2022 मध्ये फ्लोरिडातील संघीय न्यायालयाने बँग या पेयाच्या उत्पादक कंपनीला, तिने टिकटॉकवर टाकलेल्या जाहिरातवजा चित्रफितींतील गाण्यांसाठी, थेट उल्लंघनासाठी जबाबदार धरले. मंचाने गाणी उपलब्ध करून दिली होती, हे कंपनीचे म्हणणे टिकले नाही. एका चित्रफितीत गीताचा हक्क, संगीतरचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क असे अनेक हक्क एकत्र असतात व ते वेगवेगळ्या मालकांकडे असू शकतात. ‘दहा सेकंदांपर्यंत चालते’ असा नियम कोणत्याही कायद्यात मला आढळलेला नाही. आपण पैसे देऊन ज्यांच्याकडून प्रचार करून घेता त्यांच्या चित्रफितींतील संगीतही याच नजरेने तपासा, कारण प्रचार आपल्या मालाचा असतो.

क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे निर्मात्याने काही अटींवर सर्वांना आधीच दिलेली वापराची परवानगी, असलेले साहित्य वापरणे पूर्णपणे योग्य आहे, फक्त त्या परवान्याच्या अटी पाळल्या पाहिजेत. एकाच नावाखाली अनेक परवाने आहेत: कोणी व्यावसायिक वापर नाकारतो, कोणी बदल करू देत नाही, कोणी केलेला बदल त्याच अटींवर खुला करायला सांगतो. परवान्याची आवृत्तीही लिहून ठेवा. 2013 मध्ये आलेल्या 4.0 या आवृत्तीत, अट मोडल्याचे लक्षात आल्यापासून 30 दिवसांत चूक सुधारल्यास परवाना आपोआप पुन्हा लागू होतो. जुन्या आवृत्त्यांत श्रेय चुकले की परवाना तेथेच संपतो. काही हक्कधारक जुन्या आवृत्तीतील छायाचित्रांच्या याच कडकपणावर बोट ठेवून मोठ्या रकमा मागतात.

सॉफ्टवेअरमध्येही हेच तत्त्व चालते. अमेरिकेतील फेडरल सर्किट अपील न्यायालयाने 2008 मध्ये, खेळण्यातल्या रेल्वेगाड्या चालवणाऱ्या एका मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकरणात, स्पष्ट केले की फुकट दिलेल्या कोडच्या परवान्यातील अटी मोडल्या तर तो केवळ करारभंग राहत नाही, कॉपीराइटचे उल्लंघन होऊ शकते. आपल्या अ‍ॅपमध्ये जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखालील कोड मिसळला असेल आणि ते अ‍ॅप आपण वितरित करत असाल, तर स्वतःचा स्रोत कोडही खुला करण्याची मागणी येऊ शकते. याची माहिती कंपनीच्या प्रमुखाला सहसा नसते, कारण त्या कोडची लायब्ररी (तयार कोडचा संच) एखाद्या प्रोग्रॅमरने दोन वर्षांपूर्वी घाईच्या रात्री जोडलेली असते. जोडलेल्या घटकांची यादी काढून देणारी साधने उपलब्ध आहेत. प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ती चालवावीत. फॉन्टबाबत एवढेच की, संगणकावर वापरण्याचा परवाना, वेबसाइटवर वापरण्याचा परवाना आणि अ‍ॅपमध्ये घालण्याचा परवाना हे सहसा वेगळे विकले जातात.

आता ज्या जोखमीकडे सर्वांत कमी लक्ष जाते तिच्याकडे वळतो. आपण पैसे देऊन करून घेतलेले काम आपल्या मालकीचे असतेच असे नाही. पगारी कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेले काम बहुतेक देशांत मालकाचे धरले जाते, परंतु बाहेरच्या लेखकाने, चित्रकाराने किंवा प्रोग्रॅमरने केलेल्या कामाचा कॉपीराइट, काही अपवाद सोडता, लेखी हस्तांतरण होईपर्यंत त्याच्याकडेच राहतो. भारतीय कायद्याचे कलम 19 या बाबतीत बारकाईने वाचावे असे आहे. हस्तांतरण लेखी आणि सहीचे असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर ते फक्त भारतापुरते धरले जाते. आणि करारात वेगळे ठरले नसेल तर मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो परत जातो. म्हणजे जगभर विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचे हक्क ‘सर्व हक्क देत आहे’ अशा एका सैल वाक्याने घेतले असतील, तर ते पाच वर्षांनंतर आणि देशाबाहेर आपले राहत नाहीत.

माझ्याकडे आलेले एक प्रकरण या जागी सांगितलेच पाहिजे. एक लहान कंपनी विकली जाणार होती, किंमत ठरली होती, आणि खरेदीदाराच्या वकिलांनी मागवलेल्या कागदांच्या यादीत एक साधी ओळ होती: उत्पादनाचा कोड ज्यांनी लिहिला त्या प्रत्येकाचा हस्तांतरण करार जोडा. मूळ रचना एका मित्राने, कंपनी स्थापन होण्यापूर्वी, सुट्टीच्या दिवशी बसून लिहिली होती. त्याच्याशी काहीच लेखी नव्हते आणि मधल्या काळात मैत्रीही उरली नव्हती. त्याची सही मिळेपर्यंत विक्री थांबली, आणि ती सही मिळवण्यासाठी द्यावी लागलेली रक्कम सुरुवातीलाच करार केला असता तर लागली नसती. तो मित्र वाईट नव्हता. कायद्याने जे त्याचे होते त्याचे त्याने मोल मागितले.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे या प्रश्नाला दोन नवी टोके आली आहेत. पहिले टोक आत जाणाऱ्या साहित्याचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने बनवणाऱ्या अँथ्रॉपिक या कंपनीविरुद्ध लेखकांनी केलेल्या दाव्यात सॅन फ्रान्सिस्कोतील न्यायाधीशांनी जून 2025 मध्ये असे मत दिले की पुस्तकांवर प्रारूप (अशा साधनामागचे मॉडेल) प्रशिक्षित करणे हा न्याय्य वापर, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याला चालणारा वापर, ठरतो, पण चोरट्या प्रतींचा संग्रह करून ठेवणे त्यात बसत नाही; त्यानंतर त्याच वर्षी 150 कोटी डॉलरची तडजोड जाहीर झाली. आपला व्यवसाय प्रारूपे घडवत नसेल तरीही हा निकाल पाहण्यासारखा आहे, कारण वाद ‘काय केले’ याइतकाच ‘प्रत कुठून आणली’ यावर फिरला. आपण स्वतः एखाद्या साधनाला ग्राहकांसाठी उत्तरे द्यायला शिकवण्याकरिता इतरांचे लेख, अहवाल किंवा पुस्तके पुरवत असाल, तर हाच प्रश्न आपल्यालाही विचारला जाईल. दुसरे टोक बाहेर येणाऱ्या साहित्याचे आहे. यंत्राने दिलेले चित्र किंवा मजकूर एखाद्या विद्यमान कृतीशी फार जुळत असेल, तर ‘यंत्राने दिले’ हे उत्तर हक्कधारकापुढे पुरेसे ठरणार नाही. शिवाय अमेरिकेच्या अपील न्यायालयाने मार्च 2025 मध्ये, मानवी कर्ता नसलेल्या कृतीला कॉपीराइट मिळत नाही, असे ठरवले. त्यामुळे पूर्णपणे यंत्राकडून करून घेतलेले बोधचिन्ह दुसऱ्याने उचलले, तर निदान तेथे कॉपीराइटच्या आधाराने त्याला अडवणे कठीण जाईल. बोधचिन्ह, उत्पादनाचे मुख्य चित्र आणि गाभ्याचा कोड यांत माणसाने काय केले याच्या कच्च्या आराखड्यांसह नोंदी ठेवाव्यात, असा माझा आग्रह असतो.

आपल्या मंचावर ग्राहक स्वतः छायाचित्रे किंवा अभिप्राय चढवत असतील, तर मध्यस्थाला मिळणारे संरक्षण, म्हणजे ग्राहकांनी केलेल्या उल्लंघनाच्या जबाबदारीतून सूट, आपोआप मिळते असे समजू नका. अमेरिकेच्या 1998 च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटविषयक कायद्याखाली ते मिळवण्यासाठी तक्रारी स्वीकारणाऱ्या प्रतिनिधीची कॉपीराइट कार्यालयाकडे नोंद करावी लागते, ती दर तीन वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि वारंवार उल्लंघन करणाऱ्यांची खाती बंद करण्याचे धोरण प्रत्यक्ष राबवावे लागते. भारताच्या 2013 च्या कॉपीराइट नियमांनुसार योग्य तक्रार आल्यावर 36 तासांत तो मजकूर बंद करायचा असतो, आणि तक्रारदाराने 21 दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. तक्रारींचा ईमेल पत्ता कोणी वाचत नाही, हे या बाबतीतले सर्वसाधारण अपयश आहे. सुट्टीच्या दिवशीही तो पाहणारी एक व्यक्ती नेमलेली असावी.

आता वापरलेले साहित्य कुठून आले याच्या नोंदवहीबद्दल, कारण वरच्या सगळ्या प्रकारांत बचाव उभा राहतो तो तिच्यावर. त्यासाठी महागडी व्यवस्था लागत नाही. एक साधा तक्ता पुरतो. उदाहरणादाखल त्यातली एक ओळ अशी असावी: मुख्य पानावरील छायाचित्र, फाइलचे नाव, कोणत्या संग्रहातून घेतले, घेतल्याची तारीख, परवान्याचा प्रकार, परवाना कोणाच्या नावावर, पावती कुठे ठेवली आहे, वापराची मर्यादा, मुदत संपण्याची तारीख, आणि त्या दिवशी परवान्याच्या अटींचे घेतलेले स्क्रीनचित्र. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण मोफत छायाचित्रांच्या संग्रहांच्या अटी बदलतात, छायाचित्रे तेथून काढली जातात, आणि तीन वर्षांनी आपल्या बाजूने बोलायला फक्त ते स्क्रीनचित्रच असते. ‘परवाना कोणाच्या नावावर’ हा रकानाही गाळू नका. जाहिरात संस्थेने स्वतःच्या नावावर घेतलेला परवाना संस्थेशी संबंध संपल्यावर आपल्याला लागू राहतो की नाही, हे परवान्यात पाहावे लागते.

जुन्या साहित्याचे काय, असे आपण विचाराल. सगळे एकाच वेळी तपासणे शक्य होत नाही, म्हणून जेथे वापर सर्वाधिक व्यावसायिक आहे तेथून सुरुवात करा: चालू जाहिराती, उत्पादनांची पाने, अ‍ॅप, मग समाजमाध्यमावरील जुन्या चित्रफिती, मग ग्राहकांना पाठवलेली माहितीपत्रके आणि सादरीकरणे. ज्या वस्तूचा माग लागत नाही ती बदला. कारण शोधण्यात जाणारा वेळ नव्या, परवान्यासह घेतलेल्या छायाचित्रापेक्षा बहुधा महाग पडतो. नोटीस देणाऱ्याशी तडजोड होईल तेव्हा करारात मागील सर्व वापर मिटल्याचे, आणि त्यात आपल्या संबंधित कंपन्या व डिझायनरही समाविष्ट असल्याचे लिहून घ्या, नाहीतर तोच हक्कधारक डिझायनरकडे जाईल आणि डिझायनर आपल्याकडे. आपला सध्याचा डिझायनर अजून काम करत असेल, तर त्याचे पुढचे बिल चुकते करण्यापूर्वी त्याने आतापर्यंत वापरलेल्या प्रत्येक छायाचित्राची, फॉन्टची आणि कोडची यादी, पावत्यांसह, त्याच्याकडून मागून घ्या; काम चालू असताना ही यादी दोन दिवसांत मिळते.